सॅनफर्डला उतरल्यावर

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

शनिवारच्या ऑर्लँडोजवळच्या डिझनी सहलीचं सगळं पक्कं झालं. ब्लूमिंग्टनच्या विमानतळावर दादा सिक्युरिटीपर्यंत तुमच्या सोबत असेल, त्यामुळे तिकडची मला काळजी नाही. हे पत्र विमानातून उतरल्यानंतरचं आहे. त्या वेळी तुम्ही दोघंच असाल, आणि मी अटलांटाहून निघालेलीही नसेन. फोनवर सांगितलेलं अर्धं राहतं, म्हणून लिहून पाठवतेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलं आहे. ती आईच्या पर्समध्ये राहू दे.

ऑर्लँडोला विमानतळ दोन आहेत. सगळे ज्याचं नाव घेतात तो मोठा, शहराच्या दक्षिणेला. त्याची अक्षरं एमसीओ. तुम्ही उतरणार उत्तरेला, सॅनफर्डला. तिकिटावर एसएफबी लिहिलेलं दिसेल. बाबा, हा मुळात अमेरिकन नौदलाचा तळ. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली सुरू झाला आणि १९६८ मध्ये बंद झाला. मोठा विमानतळही पूर्वी हवाई दलाचा मॅकॉय तळच होता, एमसीओ ही अक्षरं त्यावरूनच आली. सॅनफर्ड लहान आहे, चालणं कमी पडतं, आईच्या गुडघ्यांच्या दृष्टीने मला ते फार बरं वाटलं. शिवाय ब्लूमिंग्टनहून थेट विमान तिथेच जातं.

पण तिथून डिझनीचं हॉटेल सुमारे ७० किलोमीटर आहे, मोठ्या विमानतळापेक्षा दुपटीहून जास्त. म्हणूनच या तासाभराच्या प्रवासावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला.

बाबा, तुम्ही विचारलं होतं की डिझनीची फुकट बस असते ना? होती. पण ती फक्त मोठ्या विमानतळावरून सुटायची, आणि २०२२ च्या सुरुवातीला तीही बंद झाली. ट्रेनचं म्हणाल तर सॅनफर्ड गावात सनरेल नावाच्या लोकलचं स्टेशन आहे. पण ते विमानतळाला लागून नाही, ती डिझनीपर्यंत जात नाही, आणि शनिवार-रविवारी धावतच नाही. राहिली ॲपवरची टॅक्सी. ती मिळते, पण छोट्या विमानतळावर दोन-तीन विमानं एकदम उतरली की सगळे एकाच वेळी गाडी मागवतात, भाडं चढतं आणि वाट बघावी लागते. तुमचं इथलं सिम नवीन, ड्रायव्हरचा मेसेज इंग्रजीत, हातात बॅगा. त्या उन्हात तुम्ही दोघं फोनकडे बघत उभे आहात, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

म्हणून गाडी आधीच ठरवली आहे, पैसेही भरून झाले आहेत. टोल आणि टिप त्यातच धरले आहेत, तेव्हा बाबांनी पाकीट काढायचं नाही. तिकीट स्वस्त पडलं हा हिशेब पुढच्या ७० किलोमीटरचं भाडं मिळवल्यावरच खरा होतो, आणि ते मिळवूनही आपल्याला परवडतं आहे. मी नीट मांडून बघितलं आहे.

ड्रायव्हर बॅगांच्या पट्ट्याजवळ बाबांच्या नावाची पाटी घेऊन उभा असेल. त्याला फ्लाइट नंबर दिला आहे, त्यामुळे विमान उशिरा आलं तरी त्याला कळेल. दुसरं कोणी जवळ येऊन 'टॅक्सी, टॅक्सी' म्हणालं तर सरळ नाही म्हणा. एसयूव्ही मुद्दाम घेतली नाही. तिची पायरी उंच असते, आणि चढताना आई दाराचं हँडल धरून स्वतःला वर ओढते, ते मला माहीत आहे. सरकत्या दाराची मिनीव्हॅन सांगितली आहे, तिचा तळ बराच खाली असतो. आई, आधी सीटवर बस आणि मग पाय आत घे, घाई करू नकोस. गाडीत बसल्यावर मागेसुद्धा दोघांनी बेल्ट लावा.

आय-फोर हा मुख्य महामार्ग ऑर्लँडो शहराच्या मधून जातो आणि तिथे गाड्या तासन्‌तास अडकतात. म्हणून ४१७ नंबरच्या टोल रस्त्याने न्यायला सांगितलं आहे. तो शहराला पूर्वेकडून वळसा घालून डिझनीच्या पुढे पुन्हा आय-फोरला मिळतो. नकाशावर गाडी शहर सोडून भलतीकडे चालल्यासारखी दिसली तरी बाबा, काळजी करू नका. निघाल्यावर थोड्याच वेळात लेक जेसपवरचा लांब पूल लागेल, दोन्ही बाजूंना पाणी आणि ओल्या गवताचा सपाट पट्टा. ॲलिगेटर मगरींसाठी हा तलाव फ्लोरिडात प्रसिद्ध आहे. आईला खिडकीशी बसवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हॉटेलचं नाव. ऑल-स्टार नावाची तीन हॉटेलं शेजारी शेजारी आहेत: मूव्हीज, म्युझिक आणि स्पोर्ट्‌स. तिन्हींची रिसेप्शनं वेगळी. आपलं म्युझिक. ड्रायव्हरला नुसतं 'ऑल-स्टार' म्हणू नका, 'ऑल-स्टार म्युझिक' असं पूर्ण सांगा. फाटकावरचा माणूस बुकिंगचं नाव विचारेल आणि ओळखपत्र मागेल; पासपोर्ट तळाच्या बॅगेत टाकू नका. रिसेप्शनच्या इमारतीवर 'मेलडी हॉल' लिहिलेलं आहे, तिथेच उतरायचं. खोली तयार नसली तर बॅगा बेल सर्व्हिसेसकडे ठेवून घेतात, त्याचे पैसे पडत नाहीत. मग आत गारव्यात बसा, काहीतरी खाऊन घ्या. बाबा, गोळ्या जेवणानंतर, वेळ टळू देऊ नका.

परतीचं मात्र मला येण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. सॅनफर्डहून ब्लूमिंग्टनला विमान रोज नसतं. चुकलं तर दुसऱ्या दिवशीचं मिळेल असं धरता येत नाही. म्हणून विमान सुटायच्या चार तास आधी गाडी हॉटेलच्या दारात बोलावली आहे. बाबांना हे फार लवकर वाटेल, पण यातलं एक मिनिटही मी कमी करणार नाही. वाटेत एखादा अपघात झाला की तासाचे दोन तास सहज होतात, आणि चेक-इनच्या बॅगा विमान सुटायच्या बऱ्याच आधी घ्यायच्या थांबवतात. गाडीत बसताना ड्रायव्हरला 'सॅनफर्ड' म्हणा, नुसतं 'एअरपोर्ट' नको. डिझनीहून बहुतेक लोक मोठ्या विमानतळावर जातात, त्यामुळे त्याने तेच गृहीत धरलं तर पंचाईत. मी तेव्हा सोबत असेनच, पण माझं विमान त्याच दिवशी मोठ्या विमानतळावरून आहे. तुमची गाडी सुटल्यावरच मी माझी बोलावणार आहे.

ड्रायव्हरचं नाव आणि नंबर कंपनी आदल्या दिवशी कळवते. आले की दादाच्या आणि तुमच्या दोघांच्या फोनवर पाठवते. गाडीत बसलात की एक मिस्ड कॉल द्या, हॉटेलवर पोचलात की दुसरा. मी रात्री आठच्या सुमारास पोचेन. जेवणासाठी माझी वाट बघू नका.

तुमची,
माऊ