पॅनेलच्या दारामागचा कागद

आदरणीय साहेब,

सप्रेम नमस्कार. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या कारखान्याच्या सबस्टेशनमधलं जीपीएस घड्याळ, म्हणजे उपग्रहावरून वेळ घेणारं घड्याळ, तुम्ही दुरुस्त केल्यापासून खरी तारीख दाखवू लागलंय.

तुमच्याआधी दोघे येऊन गेले. एकानं "रिसीव्हर गेला" म्हणून नव्या घड्याळाचं कोटेशन ठेवलं. दुसऱ्यानं तारीख हातानं भरली आणि बिल दिलं. उपग्रह लॉक झाल्याबरोबर ती परत मागं गेली. तारीख नेमकी किती मागं आहे, हे दोघांनीही मोजलं नाही. तुम्ही आधी तेच मोजलंत: 7168 दिवस, म्हणजे बरोबर 1024 आठवडे. आठवडे पूर्ण, म्हणून वार चुकत नव्हता, सेकंदही बरोबर. रिलेच्या, म्हणजे बिघाड झाला की ब्रेकर पाडणाऱ्या यंत्रांच्या, नोंदी काढेपर्यंत कुणाच्या ध्यानात यायचं कारणच नव्हतं. जीपीएसच्या जुन्या संदेशात आठवड्याचा आकडा दहा बिटांचा असतो, 1024 झाले की पुन्हा शून्य. एप्रिल 2019 मध्ये तो शून्यावर आला तेव्हा घड्याळ तरलं होतं, कारण फर्मवेअरची, म्हणजे घड्याळाच्या आतल्या सॉफ्टवेअरची, तारीख बरोबर ओळखण्याची स्वतःची मुदत वेगळी होती. ती नंतर संपली. रिसीव्हर धडधाकट होता.

पण हे पत्र त्या कागदासाठी आहे. नवं फर्मवेअर चढवण्याआधी तुम्ही रात्रपाळीच्या ऑपरेटरच्या हातात पेन दिलंत. "तूच लिही, रात्री तुलाच वाचायचंय." मग एकेक सेटिंग सांगत गेलात, प्रत्येकाचं कारणही. भारतीय वेळ अधिक 5:30. डेलाइट सेव्हिंग बंद. अँटेनाची केबल 40 मीटर, सिग्नलला मीटरमागे साधारण 5 नॅनोसेकंद लागतात, म्हणून डिले 200. अपडेटनंतर ऑफसेट (ते 5:30) आणि डिले दोन्ही शून्य झालेच! कागद नसता तर सगळे रिले साडेपाच तास मागं राहिले असते.

शेवटची ओळ लाल पेनानं लिहून घेतलीत: घड्याळ नव्यानं सुरू झालं की निदान पंधरा मिनिटं रिलेकडे वेळ पोचवणारी आयरिग-बीची तार जोडायची नाही. उपग्रहाचा पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. त्यातली लीप सेकंदाची दुरुस्ती, म्हणजे जीपीएसची वेळ आणि जगाची प्रमाणवेळ यांतला फरक, हाती येईपर्यंत घड्याळ 18 सेकंद पुढं असू शकतं. आधी कुठला ब्रेकर पडला हे जिथं मिलिसेकंदांवर ठरतं, तिथं 18 सेकंदांनी सगळा तपास भलतीकडे जातो.

आपलं ज्ञान खिशात घालून निघून जाणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही ते आमच्या पोराच्या अक्षरात इथं ठेवून गेलात. एवढी माणुसकी कामात दाखवणारा माणूस क्वचित भेटतो, साहेब.

कागद लॅमिनेट करून पॅनेलच्या दाराला आतून लावलाय. नव्या फर्मवेअरची मुदत बनवणाऱ्यांकडून लेखी घ्या म्हणाला होतात, ते पत्र धाडलंय. त्या तारखेसाठी खाली जागा मोकळी ठेवली आहे.

आपले,
सबस्टेशनवरचे सगळे