मंगेशला, अल्बमला हात घालण्यापूर्वी

फोंडा
ऑक्टोबर अखेर

प्रिय मंगेश,

आठही गाणी तुझीच, गाणार तूच आणि रेकॉर्डिंग घरच्या घरी, हे वाचून फार बरं वाटलं. फक्त एक मनात पक्कं ठेव: माइकपुढे जे बिघडतं, ते मिक्सिंगमध्ये सुधारत नाही.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस वाया घालवू नकोस. पावसाळ्यात कौलांवरचा आवाज तर असतोच, पण खरं नुकसान दमट हवा करते. गिटारचं लाकूड फुगतं, तारा फळीपासून वर उचलल्या जातात, नाद बसका होतो. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. केसमध्ये आर्द्रतामापक ठेव. कंडेन्सर माइक (नाजूक पडद्याचा, दमटपणाने बिघडणारा) काम झालं की सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात जाऊ दे. नव्या तारा आदल्या दिवशीच चढव, नाहीतर प्रत्येक टेकमध्ये सूर उतरेल.

गाताना माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर ठेव, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे ‘प’, ‘फ’चे फुंकर-फटके अडवणारी जाळी. गोधड्या लोक माइकच्या मागे टांगतात. त्या तुझ्या पाठीमागे हव्यात, कारण कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो आणि तुझ्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाजच त्यात शिरतो. पंखा आणि फ्रिज बंद. रेकॉर्डिंगची सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वांत मोठा स्वर उणे १० डेसिबलच्या आसपास राहू दे. प्रत्येक गाणं तीन-चार वेळा सलग गा आणि मग ओळी निवड. एकेक शब्द जोडत बसलास तर श्वास तुटतात, आणि ते ऐकणाऱ्याला कळतं.

आता घुमट, आपलं मडक्याच्या एका तोंडावर चामडं ताणलेलं गोव्याचं तालवाद्य. ड्रमच्या तयार नमुन्यांऐवजी तू घुमट घेतोस, हे मला मनापासून आवडलं. तो आपला राज्यवारसा आहे म्हणून नव्हे, तर तुझ्या चालींचं वजन त्याच्याच खर्जात आहे म्हणून. हा खर्ज मडक्याच्या मागच्या उघड्या तोंडातून येतो. वाजवणारा डाव्या हाताने ते झाकतो-उघडतो. नुसता चामड्यापुढे माइक लावलास तर टपटप तेवढी मिळेल. दोन माइक लाव: एक चामड्यापासून वीतभर अंतरावर, दुसरा मागच्या तोंडाजवळ, पण हाताची हालचाल अडणार नाही असा थोडा तिरका. दोन्ही एकत्र ऐकल्यावर खर्ज गायब झाला तर घाबरू नकोस, लहरी एकमेकींना खातायत. एका ट्रॅकची पोलॅरिटी, म्हणजे लहरीची वर-खाली दिशा, उलटी कर. जी बाजू भरीव वाटेल ती ठेव. बकरीचं चामडं दमटपणाने सैल पडतं, म्हणून घुमट दुपारच्या कोरड्या वेळी घे. घुमटाच्या साथीचा शामेळ (ढोलकं) आणि कासाळं (झांजा) वेगळ्या वेळी, कासाळ्याची किणकिण सगळ्या माइकमध्ये घुसते.

कवी बा. भ. बोरकरांची कविता घ्यायचा विचार आहे म्हणतोस. ते १९८४ साली गेले, आणि कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क टिकतात, म्हणजे २०४४ अखेरपर्यंत. वारसांची किंवा हक्कधारकांची लेखी परवानगी आधी, चाल नंतर. तुझ्या स्वतःच्या गाण्यांसाठी गीतकार आणि संगीतकार, दोन्ही नात्यांनी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा (गाण्यांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचा) सभासद हो. घुमटवाल्याशी मानधनाचा कागद रेकॉर्डिंगच्या दिवशीच कर.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे शेवटच्या हातात, आवाज चढवण्याचा मोह टाळ. स्पॉटिफाय सर्वसाधारणपणे उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतं. त्याहून मोठं केलंस तर ते खाली ओढलं जातं आणि उरतो तो चेपलेला आवाज. शिखर उणे १ डेसिबलच्या आत.

तारीख ठरली की मागे मोजत ये. गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या वितरकाकडे फाइली चार आठवडे आधी, स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं निदान ७ दिवस आधी. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल. प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळखक्रमांक, वहीत लिहून ठेव. पुढे वितरक बदललास तरी तोच दे, नाहीतर आधीची श्रोतासंख्या तुटण्याची भीती असते. नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिही. चवथीच्या आसपास प्रकाशन नको, घरोघरी आरत्या आणि फुगड्या चालू असताना नवं गाणं कोण ऐकणार? प्रकाशनाचा कार्यक्रम अंगणात ठेवलास तर संध्याकाळी सातलाच सुरू कर, दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही.

सगळं रेकॉर्ड होण्याची वाट पाहू नकोस. पहिल्या गाण्याचे घुमटाचे दोन्ही ट्रॅक झाले की वेगवेगळे पाठव, पोलॅरिटी मी इथे तपासतो.

तुझा,
सुहास