शुगरच्या शिबिरात तेलाचंही विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

गावोगावी शुगर तपासणीची शिबिरं होऊन राहिली, चांगलंच आहे, पण तिथं सांगतात काय तर साखर बंद, भात कमी, आलू नको, तेल कमी. घरात तेल कोणतं वापरता हे कोणीच विचारत नाही.

पामतेलात जवळपास निम्मं फॅट सॅच्युरेटेड, म्हणजे तुपासारखं गोठणारं, असतं, सोयाबीन तेलात साधारण १५ टक्के, फल्लीतेलात त्याहून थोडं जास्त. आता कोणी म्हणेल तेल ते तेल, त्यात काय. तर २०१४ मध्ये स्वीडनचा एक प्रयोग छापून आला, सडपातळ तरुण मंडळींना सात आठवडे जास्तीचे मफिन खाऊ घातले, काहींना पामतेलातले, काहींना सूर्यफुलाच्या तेलातले, ज्यात सॅच्युरेटेड फॅट कमी असतं. वजन दोघांचंही सारखंच वाढलं, पण पामतेलवाल्यांच्या लिव्हरमध्ये अन् पोटाच्या आत चरबी जास्त चढली. लिव्हरमध्ये चरबी साचली की ते इन्सुलिनचं, म्हणजे साखर आवरणाऱ्या हार्मोनचं, ऐकत नाही, माणूस रात्रभर उपाशी असला तरी रक्तात साखर सोडतच राहतं, मग सकाळची उपाशीपोटीचीच शुगर जास्त येते.

२०२२ च्या दिवाळीत रेशनवर सरकारचा आनंदाचा शिधा आला, १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. गरिबाची दिवाळी झाली, नावं नाही ठेवत, पण आपल्या विदर्भात जिकडं पाहा तिकडं सोयाबीन उभं असते, मग पिशवीत पामतेलच कायले? स्टँडवरच्या आलूबोंड्याच्या कढईचं तर बोलूच नका, तेल काळं पडलं तरी त्यातच नवीन ओततात, वरून तर्री. असं तेलकट खाल्लं की पोट उशिरा रिकामं होते, त्यामुळं दोन तासांनी शुगर बरी दिसते, माणूस खुश, अन् चढते ती नंतर.

जवस आपल्या घरचं. त्याच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ हे चांगलं फॅट आहे, पण चटणी बारीक कुटलेली पाहिजे, अख्खा दाणा तसाच निघून जाते, आणि तेल तळायला नाही, झुणक्यावर कच्चंच घ्यायचं. जवसानं शुगर मुळापासून जाते म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरते ते मात्र खोटं, गोळ्या बंद करू नका बापा. अन् तेल कोणतंही असो, एका ग्रॅमला ९ कॅलरी आहेतच.

शिबिरवाल्यांनी फॉर्मवर एक रकाना वाढवावा: घरी तेल कोणतं, महिन्याला किती लागते, खाणारी माणसं किती.

आपला एक वाचक,
ता. आर्वी, जि. वर्धा