सूचना : १३ नोव्हेंबरसाठी

सभासदांनो,
१३ नोव्हेंबर हा जागतिक दयाळूपणा दिन, १९९८ पासून पाळतात. (नाव जरा जडच आहे, पण असो.) कार्यक्रम, भाषणं, हारतुरे काही ठेवलेलं नाही. त्या दिवशी एखाद्या अनोळखी माणसाचं छोटंसं काम हलकं करायचं, बस्स. मागून येणाऱ्यासाठी दार धरा, कडेवर मूल असलेल्या बाईला रांगेत पुढे जाऊ द्या.

परवा जिन्यात माझी चिल्लर सांडली. एका मुलाने सगळी वेचली, पायरीच्या फटीत अडकलेलं शेवटचं नाणं नखाने उकरून काढलं आणि मी आभार मानेपर्यंत गेलासुद्धा!

अंध व्यक्तीला मदत करताना आधी विचारा, एकदम हात धरून ओढू नका. आणि फोटो काढून कृपया ग्रुपवर टाकू नका.