रीमास्टर कशाला म्हणायचे?

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या विज्ञानकथा मालिकांच्या नव्या आवृत्त्यांवरचा लेख वाचला. विषय घेतल्याबद्दल आभार. मात्र ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’वर झालेले काम आणि जुनी चित्रफीत एआयकडून मोठी करून घेण्याचा हल्लीचा प्रकार, दोन्हींना लेखात सरसकट ‘रीमास्टर’, म्हणजे मूळ साहित्यावरून नव्याने केलेली आवृत्ती, म्हटले आहे. मुंबईत संकलनाच्या टेबलावर तेवीस वर्षे काढलेल्या माणसाला हे पटत नाही.

ही मालिका १९८७ ते १९९४ या काळात अमेरिकेत प्रसारित झाली. चित्रीकरण ३५ मिमी फिल्मवर होते. पण खर्च आणि वेळ वाचावा म्हणून निगेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फिल्म, कापून न जोडता ती व्हिडिओ टेपवर उतरवली गेली आणि संकलनापासून यानांच्या दृश्यांपर्यंत पुढचे सगळे टेपवरच झाले. म्हणजे पूर्ण झालेला भाग फिल्मवर कधी अस्तित्वातच नव्हता. होता तो टेपवर, जेमतेम ४८० ओळींचा.

म्हणून २०१२ ते २०१४ मध्ये सातही पर्वे ब्लू-रे या जास्त स्पष्ट चित्राच्या डिस्कवर आणताना निगेटिव्हचे हजारो डबे उघडावे लागले. हवा तो टेक, म्हणजे दृश्याचे नेमके तेच चित्रण, हुडकायचा, स्कॅन करायचा, जुन्या टेपशी ताडून प्रत्येक कट जुळवायचा, आणि हे १७८ भागांसाठी. एका भागाची जुळवाजुळव करताना डोळ्यांचे काय होते ते मला ठाऊक आहे. एंटरप्राइज यानाचे मॉडेल त्या वेळी अनेक फेऱ्यांत चित्रित केले होते; एका फेरीत यानाचा देह, दुसरीत खिडक्यांतले दिवे. त्या फिल्मही शोधून पुन्हा एकावर एक बसवल्या. चौकट मूळचीच, जुन्या टीव्हीची ४:३ (रुंदी चार तर उंची तीन) ठेवली. रुंद टीव्हीसाठी ती ताणली नाही, हे मला फार मोलाचे वाटते. काही मोजक्या सेकंदांची फिल्म मिळाली नाही. तिथे टेपवरचे चित्र मोठे करून घातले आहे, आणि तेवढा तुकडा सराईत नजरेला चटकन खुपतो.

आता एआयचा हिशेब पाहा. टेपवरच्या ७२० × ४८० च्या चित्राचे १४४० × १०८० केले, की ठिपके साडेचार पट होतात. नवातले दोन मूळचे, सात यंत्राने अंदाजाने भरलेले. अंदाज कधी छान जमतो, कधी नटाच्या गालाचे मेण होते. पण जमला तरी तो अंदाजच. निगेटिव्हमध्ये मात्र त्या दिवशी सेटवर पडलेला उजेड साठलेला असतो.

याच घराण्यातली पुढची मालिका ‘डीप स्पेस नाइन’ (१९९३ ते १९९९) अजून टेपवरच अडकली आहे. तीही फिल्मवरच चित्रित झालेली. २०१९ मध्ये चित्रपटगृहांत आलेल्या तिच्यावरील माहितीपटासाठी चाहत्यांनी वर्गणी काढून काही प्रसंग निगेटिव्हवरून नव्याने स्कॅन करून घेतले. ते पाहिल्यावर कळते, काय दडलेले आहे. अडचण खर्चाची आहे, शिवाय नंतरच्या पर्वांतली संगणकावर केलेली यानांची दृश्ये त्या काळच्या टीव्हीपुरत्याच आकाराची आहेत. ती नव्याने करावी लागतील. मान्य. पण यंत्राने गुळगुळीत केलेली आवृत्तीच ‘रीमास्टर’ म्हणून खपू लागली, तर निगेटिव्हचे डबे उघडायला पैसे कोण देईल?

ही भीती हवेतली नाही. मी जिथे काम करत होतो तिथे एका मालिकेची निगेटिव्ह गोदामाचे भाडे थकले म्हणून फिल्ममधली चांदी काढणाऱ्याला वजनावर विकली गेली. ‘टेप आहे ना,’ असे तेव्हा सांगितले गेले. मी त्यातले अकरा भाग जोडले होते. पुढे त्या टेपांनाही बुरशी लागली.

आपल्याकडच्या अनेक जुन्या मालिका तर थेट टेपवरच चित्रित झाल्या. त्यांना निगेटिव्हचा आधारच नाही. मूळ टेप सांभाळून ती चांगल्या यंत्रावर उतरवून घेणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि तेही लवकर करायला हवे.

आपल्या पुरवणीचा वाचकवर्ग मोठा आहे. निगेटिव्हवरून झालेल्या कामालाच ‘रीमास्टर’ म्हणावे आणि दुसऱ्या प्रकाराला ‘एआयने मोठे केलेले’ असे स्पष्ट लिहावे, एवढी विनंती.

— एक निवृत्त संकलक, दादर, मुंबई