बाबांची लाईनची वही

फेअरबँक्स, अलास्का
१६ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं म्हणून तीन दिवस ठरवत होते, पण फोनवर धड बोलणं होत नाही. तुमची सकाळ ती माझी आदली संध्याकाळ; तुम्हाला देवपूजेची घाई, मला कामावरून आल्याचा शीण. म्हणून लिहिते आहे. जी बातमी सांगायची जिवावर आलंय ती आधी सांगते. बाबा, जानेवारीत तुमच्या पंच्याहत्तरीला मला येता येणार नाही. तिकीट काल रद्द केलं. दादाला रात्री कळवलं आणि सांगितलं की आई-बाबांना तू काही बोलू नकोस, मीच लिहिते.

सुट्टी मिळाली नाही असं नाही. सुट्टी मंजूर होती, मीच परत केली. का, ते नीट सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

बाबा, तुम्ही मागे विचारलं होतं, "तिथं विजेचा बोर्ड कुणाचा?" तेव्हा मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं होतं. खरं असं आहे की इथल्या दूरच्या गावांना बोर्डच नाही. आपल्याकडे एक फीडर गेला तर तुम्ही दुसरीकडून सप्लाय फिरवायचात. कोयनेची वीज असो नाहीतर आणखी कुठली, सगळ्या तारा शेवटी एकमेकींना जोडलेल्या. इथे बहुतेक ठिकाणी या गावातून त्या गावात जाणारी तारच नाही. रस्ताही नाही. अलास्कात अशी दोनशेच्या आसपास गावं आहेत, बहुतेक तिथल्या मूळ लोकांची. गावाच्या कडेला पत्र्याची एक शेड, शेडमध्ये तीन-चार डिझेल इंजिनं, आणि तिथून निघालेले गावापुरते खांब. पॉवरहाऊस, सबस्टेशन, डीपी, सगळं त्या एका शेडमध्ये. डिझेल उन्हाळ्यात, नदीचं बर्फ वितळलं की, बार्जने, म्हणजे सपाट मालवाहू बोटीने येतं आणि मोठ्या टाक्यांत वर्षभरासाठी भरून ठेवतात. जिथे नदी उथळ झाली आहे तिथे विमानाने आणतात. विमानाने डिझेल! त्या डिझेलवर चाललेला बल्ब किती महाग पडत असेल याचा हिशोब तुम्हाला सांगायला नको. राज्य सरकार १९८५ पासून घरगुती बिलात सवलत देतं म्हणून लोक तग धरून आहेत, पण तीही ठरावीक युनिटपर्यंत. शाळेला ती नाही, दुकानाला नाही.

आमची कंपनी सात जणांची. कंपनी म्हणजे काय, एक गाळा आणि सात माणसं. आम्ही वीस फुटी कंटेनरमध्ये बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि कंट्रोलर बसवून देतो. सौर पॅनेलची वीज आणि डिझेलची वीज यांची सांगड तो कंट्रोलर घालतो. नुसती पॅनेलं लावून भागत नाही, कारण डिझेल इंजिन फार कमी लोडवर चालवलं तर तेल नीट जळत नाही, काजळी धरते, इंजिन खराब होतं. पॅनेलांनी थोडा भार उचलला तरी इंजिन चालूच ठेवावं लागतं. बॅटरी असली, आणि इन्व्हर्टर स्वतःच व्होल्टेज-फ्रिक्वेन्सी सांभाळू शकला, तरच इंजिन पूर्ण बंद करता येतं. आमच्यासारख्या छोट्या कंपन्यांना हाताशी धरणारी लाँच अलास्का नावाची एक संस्था अँकरेजमध्ये आहे. तिच्यामुळे आमच्यासारखे बरेच जण या कामात आले.

गेल्या वर्षी मी शुंगनाकला जाऊन आले. कोबुक नदीवरचं इनुपियाक लोकांचं गाव, उत्तर ध्रुववृत्ताच्या जरासं वर. तिथे, ते गाव आणि तारेने जोडलेलं शेजारचं कोबुक गाव अशा दोघांसाठी, २०२१ मध्ये सव्वादोनशे किलोवॅटच्या आसपासचा सौर प्रकल्प उभा राहिला. बॅटऱ्या हवाईतल्या ब्लू प्लॅनेट एनर्जी या कंपनीच्या. उभारणीचं काम मात्र अलास्का नेटिव्ह रिन्यूएबल इंडस्ट्रीज या कंपनीने केलं, आणि ती सुरू करणारा एडविन बायफेल्ट हा ह्युस्लिया नावाच्या अशाच एका गावातला. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. पॅनेलांची मालकी दोन्ही गावांच्या जमातींकडे आहे. वीज वितरण करणारी सहकारी संस्था, अलास्का व्हिलेज इलेक्ट्रिक को-ऑपरेटिव्ह, ती वीज त्यांच्याकडून विकत घेते आणि पैसे गावात राहतात. आपला सहकारी साखर कारखाना डोळ्यांपुढे आला, बाबा, सुरुवातीच्या दिवसांतला, तुम्ही सांगता तसा. उन्हाळ्यात दिवसचे काही तास इंजिन बंद असतं. आम्ही गेलो तेव्हा बंदच होतं, आणि शेडच्या दारात उभं राहून ऑपरेटरशी नेहमीच्या आवाजात बोलता आलं.

आईला वाटेल, बर्फात कसला आलाय सोलर. आई, मार्च-एप्रिलमध्ये इथे इतकं लख्ख ऊन पडतं की चष्म्याशिवाय बघवत नाही. बर्फावरून उलटलेला उजेड पॅनेलला मिळतो, शिवाय थंडीत पॅनेल जास्त चांगलं चालतं. खरी अडचण डिसेंबर-जानेवारीची. तेव्हा सूर्य जेमतेम क्षितिजाला टेकतो, आणखी वरच्या गावांत तर उगवतच नाही. म्हणून वाऱ्यावर, नदीवर प्रयत्न चालू असतात. कोट्झेब्यू गावाच्या वीज संस्थेने १९९७ मध्येच पवनचक्क्या लावल्या. आणि इगियुगिग नावाच्या सत्तरेक वस्तीच्या गावात २०१९ पासून क्विचक नदीच्या तळाशी टर्बाइन बसवलं आहे, धरण न बांधता, वाहत्या पाण्यावर. त्या नदीतून सॅमन मासे लाखोंनी वर चढतात. म्हणून टर्बाइनजवळ पाण्याखाली कॅमेरे लावून मासे कसे जातात ते बघत बसले होते. परवाना कंपनीच्या नव्हे, गावाच्या ग्रामपरिषदेच्या नावावर आहे. मला हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू.

आता आमच्या गावाचं सांगते, म्हणजे जिथे आमचा पहिला कंटेनर बसला आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये आम्ही भर दुपारी इंजिन पहिल्यांदा बंद केलं. सगळ्यांनी फोटो काढले. तासाभराने पाणीपुरवठ्याच्या इमारतीतली बाई शेडमध्ये आली आणि म्हणाली, माझ्या टाकीचं पाणी गार होतंय. इंजिन थंड करणारं जे पाणी असतं, ते पाइपातून त्या इमारतीत फिरवून गावाचं पिण्याचं पाणी गोठू देत नाहीत. इंजिन बंद, तर ती ऊबही बंद. मग तिथला तेलाचा बॉयलर पेटला, आणि आम्ही इकडे वाचवलेल्या डिझेलमधलं बरंचसं तिकडे जळायला लागलं. हे आमच्या एकाही गणितात नव्हतं. सात जणांत चार इंजिनिअर! आणि ती बाई वीस वर्षं रोज तो पाइप हाताने चाचपत होती. तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. आता जास्तीची सौर वीज त्या टाकीतल्या हीटरला देतो, पण ते तिच्याकडून शिकून.

दुसरी गोष्ट गेल्या जानेवारीतली. तुम्हाला तेव्हा सांगितली नाही, काळजी कराल म्हणून. उणे बेचाळीस तापमान होतं. आमचा कंट्रोलर अडकला आणि फीडर ट्रिप होऊन अख्खं गाव अंधारात गेलं. आपल्याकडे लाईट गेली तर माणूस अंगणात येऊन बसतो. इथे घरातली तेलाची शेगडीसुद्धा विजेशिवाय पेटत नाही, आणि काही तासांत नळ फुटतात. मी फेअरबँक्समध्ये लॅपटॉपपुढे बसून बटणं दाबत होते आणि तिकडून काही उत्तर येत नव्हतं. पॉवरहाऊसच्या ऑपरेटरने, त्रेसष्ट वर्षांचा माणूस आहे, आमचा कंटेनर आयसोलेटरने वेगळा केला, इंजिन हाताने चालू केलं आणि अर्ध्या तासाच्या आत गाव उजेडात आणलं. पुढचे पाच दिवस हवा खराब म्हणून विमान उडालं नाही. लिथियमची बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करता येत नाही, केली तर कायमची बिघडते. कंटेनरमधला हीटर आमच्याच कंट्रोलरवर होता, म्हणजे तोही बंद. त्या माणसाने शाळेतून एक ब्लोअर आणला, शेडमधून वायर ओढली आणि पाच दिवस, रात्री धरून, दर तीन तासांनी जाऊन आतलं तापमान बघितलं.

सहाव्या दिवशी मी पोहोचले तेव्हा त्याने मला एक वही दिली. पेन्सिलीने लिहिलेली, कारण त्या थंडीत पेनातली शाई थिजते. रात्री २ वाजता ४३, पहाटे ५ वाजता ४१, सकाळी ८ वाजता ४४. हे फॅरनहाइट, बाबा. ३२ ला पाणी गोठतं. एका पानावर कॉफीचा डाग होता आणि त्याखाली फक्त एवढंच लिहिलं होतं की ब्लोअर थोडा पुढे सरकवला. मी ती वही हातात धरून उभी राहिले आणि मला तुम्ही दिसलात. पावसाळ्यात रात्री ओलेचिंब येऊन, डोकंही न पुसता, आधी कंदिलाजवळ वही काढायचात. कुठल्या खांबावर पिन इन्सुलेटर फुटला, कुठे फांदी टेकली, कुठला जंपर ढिला. आई ओरडायची, अहो, आधी कपडे तरी बदला.

आपल्या गावच्या चावडीपुढचा सौर दिवा आठवतोय ना? नारळ फुटला, हार पडले. दोन वर्षांनी बॅटरी गेली आणि बसवणाऱ्यांचा फोन लागेना. तो खांब अजून तिथेच आहे, त्याला म्हशी बांधतात. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, खांबावर चढणारा गावातला नसेल तर असंच व्हायचं. इथेही अशी गावं मी पाहिली आहेत. कुणीतरी अनुदानातून यंत्र आणलं, उद्घाटन केलं, पहिल्या मोठ्या बिघाडानंतर कुणी फिरकलं नाही, आणि ते बर्फात गंजत पडलं आहे. गावातले म्हातारे त्याकडे बोट दाखवून आम्हाला विचारतात, तुमचं याच्यापेक्षा वेगळं कसं? मला त्यांना उत्तर द्यायचं आहे आणि ते कागदावर देता येत नाही.

आमच्यात पैसे घातलेल्या लोकांना पुढच्या वर्षी दहा गावं हवी आहेत. त्यांचंही चूक म्हणत नाही, आकडा वाढल्याशिवाय पैसे येत नाहीत. पण मी मीटिंगमध्ये सांगितलं की दहा गावांच्या आधी या एका गावाचा एक हिवाळा आमच्यापैकी कुणाला न बोलावता निघायला हवा. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं, की डिसेंबर ते फेब्रुवारी मी गावात राहीन आणि ऑपरेटरच्या भाचीला सगळं शिकवेन. बावीस वर्षांची मुलगी आहे, हाताला वळण आहे, स्नोमशीनचं, म्हणजे बर्फावरच्या गाडीचं, इंजिन एकटी उघडते. मामा दोन वर्षांत निवृत्त होतो आहे. जानेवारीच्या कडाक्यात आम्ही मुद्दाम कंट्रोलर बंद पाडणार आहोत, पाच-सहा वेळा, दिवसा आणि रात्री, आणि तिने एकटीने गाव पुन्हा चालू करायचं. मी फक्त शेजारी उभी राहणार. उन्हाळ्यात हे शिकवून काही उपयोग नाही. तुमचा वाढदिवस नेमका त्यात आला.

बाबा, मला फार वाईट वाटतंय. आईने पाहुण्यांची यादीसुद्धा केली असेल. कार्यक्रम अक्षय्य तृतीयेला करता येईल का? मी एप्रिलमध्ये महिनाभर येते, तिकीट या आठवड्यात काढते. जानेवारीत घरच्या घरी आईच्या हातचं औक्षण तेवढं होऊ दे. नातेवाईक काही म्हणाले तर माझं नाव सांगा.

आई, मी राहते ती खोली शाळेच्या आवारातली आहे, चांगली गरम असते. जेवणाची काळजी करू नकोस. मेतकूट अजून आहे, गोडा मसाला मात्र संपत आला, दादाचा मित्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघतोय त्याच्याकडे दे. थोडं जास्त दे, पाणीवाल्या बाईला माझी आमटी आवडते. ती मला कॅरिबू या इथल्या हरणाचं वाळवलेलं मांस आणि रानातली फळं देते आणि मी काही दिलं की "ताईकू" म्हणते, म्हणजे त्यांच्या भाषेत आभार. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मला ताई म्हणते आहे.

आणि बाबा, एक काम आहे. माडीवरच्या लोखंडी पेटीत तुमच्या लाईनच्या वह्या आहेत. त्यातली कुठलीही एक काढून दहा-बारा पानांचे फोटो दादाकडून पाठवा. शक्यतो पावसाळ्यातली, बिघाड जास्त असलेली. आम्ही इथे बिघाडवही सुरू करतो आहोत आणि रकाने कसे आखायचे यावर आमचं अडलं आहे. वेळ, जागा, काय दिसलं, काय केलं, एवढं आम्हाला सुचलं. तुम्ही शेवटी एक बारीक रकाना ठेवायचात, त्यात काय लिहायचात ते मला आठवत नाही. त्या मुलीला मी सांगितलं आहे की माझ्या वडिलांना विचारून सांगते.

तुमची,
माई