बॅज तुझ्या ॲप्रनच्या खिशात राहिला

बाय,

दोन दिवस तुला फोन करायचा नाही असं मी ठरवलं होतं. चवथीच्या सुट्टीत जे बोलून झालं ते झालं, आणि साखळीच्या स्टँडवर बेळगावच्या बसमध्ये चढताना तू मागे वळूनसुद्धा बघितलं नाहीस, म्हणून मी पण म्हटलं राहू दे, तिचा राग निवळू दे. पण आज सकाळी तू धुवायला टाकून गेलेला पांढरा ॲप्रन बादलीत घालायच्या आधी खिसे चाचपले, बाबांच्या खिशांनी लावलेली सवय, आणि हाताला तो बॅज लागला. तुझा टीएलडी, अंगाला किती किरण लागले ते मोजणारा. म्हणजे परवापासून तू सीटी स्कॅनच्या ड्युटीवर बॅजशिवाय उभी आहेस. आत्ताच्या आत्ता तुमच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरना सांग. ओरडले तर ओरडू देत. एवढं आधी वाच, बाकीचं नाईट संपल्यावर वाचलंस तरी चालेल.

मी तो बॅज पहिल्यांदाच असा हातात धरून बघितला गो. एवढीशी प्लॅस्टिकची डबी, मागे चिमटा, आत पत्र्याच्या पट्टीवर तीन गोल चकत्या असतात हे तूच सांगितलं होतंस. किरण लागले की त्यांची खूण त्या चकत्यांत साठून राहते, आणि तीन महिन्यांनी लॅबमध्ये तापवल्या की जेवढे किरण लागलेत तेवढा उजेड त्यातून बाहेर पडतो. आधी मी तो देव्हाऱ्यात ठेवला. मग वाटलं समईची ऊब लागून उगाच आकडा चुकायचा, म्हणून उचलला आणि कपाटात साड्यांच्या घडीत ठेवला. तो घरी आणायचाच नसतो ना? ड्युटी संपली की तिथेच, किरण नसतील अशा जागी ठेवायचा असतो असं तू पहिल्या वर्षाला असताना मला सांगितलेलंस. तेव्हा किती कडक होतीस तू.

आता ते तुझ्या ड्युटीच्या त्या रात्रीचं. परत काढायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले होते, पण बॅज हातात आल्यावर कसं गप्प बसू? अडीच वाजता स्कूटरवरून पडलेलं ते पाच वर्षांचं पोर आलं, डोकं स्थिर ठेवेना, आई गरोदर म्हणून तिला आत घेता येईना, बाप स्वतःच कॅज्युअल्टीत पडलेला. तेव्हा तू किरण अडवणारा शिशाचा लेड ॲप्रन चढवून आत राहिलीस आणि त्याचं डोकं धरलंस. तू हे सांगत होतीस तेव्हा तुझे डोळे असे चमकत होते, आणि मला पण भरून आलं होतं, खरंच. मग मी विचारलं बॅज होता ना ॲप्रनच्या आत, छातीला? तर तू म्हणालीस, "लॉकरमध्ये राहिला गो आई, एकदा काय होतंय."

तिथे माझं डोकं फिरलं. तुला वाटलं आई अडाणी आहे, किरणांना भूतासारखी घाबरते. तसं नाही. तुझा पांढरा ॲप्रन बाबांच्या कपड्यांत धुवायचा की वेगळा असं मी विचारलं होतं तेव्हा तू हसलीस आणि सांगितलंस, मशीन बंद तर किरण बंद, कपड्याला काही चिकटत नाही. ते मला पटलंय. काचेच्या मागे उभं राहून काम केलं तर काही होत नाही हे पण पटलंय. कामावरच्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांचं माप ते), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, हा तुमचा नियम मी आता पाठ केलाय. त्या एका पोराच्या स्कॅनने तुला काही झालं असेल असं मी म्हणतच नाही. मला भीती त्या "एकदा काय होतंय" ची आहे.

कारण हे वाक्य मी या घरात आधी ऐकलंय. बाबा खाणीच्या ट्रकवर होते तेव्हा कंपनीचा मास्क ट्रकच्या आरशाला टांगलेला असायचा. गरम होतं म्हणायचे, डिचोलीपर्यंत तर जायचंय, एकदा काय होतंय. त्या एकदाची बावीस वर्षं झाली. २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या घरात पगार गेला म्हणून रडारड, आणि रात्री ओसरीवर बाबांचा खोकला सुरू झाला तो अजून आहेच, तू पण ऐकतच मोठी झालीस. त्यांची बनियन मी तीनदा पिळायची तरी पाणी लाल. तुळशीची पानं लाल, खिडकीचे गज लाल. आज तुझा ॲप्रन पिळला तर पाणी एकदम स्वच्छ, बाहीवर बिटाडीनचा एक डाग तेवढा. ते स्वच्छ पाणी बघून मी मोरीत तशीच बसून राहिले. धूळ निदान दिसायची तरी. तुझ्या कामातलं दिसणारं काय आहे, तर तो एक बॅज. तो पण लॉकरमध्ये, नाहीतर माझ्या बादलीच्या काठावर.

बांबोळीच्या हॉस्पिटलात बाबांचा एचआरसीटी, छातीचा तो बारीक स्कॅन, काढला तो दिवस तुला आठवतो का? तू दहावीत होतीस. मशीनमधून हिंदीत आवाज यायचा, सांस लीजिए, रोकिए, आणि बाबा बरोबर रोकिएलाच खोकायचे. मला वाटलं आता ही पोरगी वैतागणार, बाहेर केवढी रांग. पण ती टेक्निशियन आत आली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कोंकणीत म्हणाली, "श्वास घेयात, धरून दवरात, हांव मेजतां." चार वेळा प्रॅक्टिस करून घेतली, मगच बाहेर जाऊन स्कॅन घेतला. तू फाईल पोटाशी धरून दारात उभी होतीस. परत येताना पणजीहून डिचोलीच्या बसमध्ये तू गाल फुगवून बोटांवर मोजत होतीस, आपल्याला किती वेळ श्वास धरता येतो ते. मला तेव्हा काही कळलं नाही. बारावीनंतर तू इमेजिंगचा कोर्स धरलास तेव्हा कळलं.

आणि मी कमी सांगते का सगळ्यांना? गिरणीवर दळण घेऊन गेले तरी तुझाच विषय. आमची मुलगी सीटीवर आहे, तीन वर्षं कॉलेज झालं, आता इंटर्नशिप. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये जगातला पेशंटचा पहिला सीटी स्कॅन झाला, एका बाईच्या डोक्याचा, आणि मी पण १९७१ चीच, हे तू सांगितल्यापासून मला त्या मशीनबद्दल उगाच माया वाटते. ते मशीन बनवणारा तो हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हे, इंजिनियर, तरी १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्याला आणि त्यामागचं गणित मांडणाऱ्या कॉर्मॅकला मिळालं. स्कॅनमध्ये काय किती पांढरं-काळं दिसतं ते सांगणारे, त्याच्या नावाचे ते आकडे तू खतखतं वाढता वाढता काकीला समजावत होतीस, पाणी शून्य, हवा उणे हजार, ताजं रक्त पन्नास ते सत्तरच्या आसपास म्हणून मेंदूत पांढरं दिसतं, आणि मेंदूचा झटका आलेल्या माणसाला रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन द्यायच्या आधी तेच बघावं लागतं, रक्तस्राव तर नाही ना, आणि त्या इंजेक्शनसाठी असलेले साडेचार तास कसे बघता बघता जातात. काकी हातातली डाव तशीच धरून ऐकत होती. मी आत जाऊन डोळे पुसले ते तू बघितलं नाहीस.

तर बाय, काम नीट कर. नाव दोनदा विचार. मूत्रपिंडाचं ते क्रिएटिनिन बघितल्याशिवाय कॉन्ट्रास्ट, स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध, देऊ नको, आधी कधी त्याची ॲलर्जी झाली होती का ते विचार. बाईमाणूस असेल तर पाळीची तारीख विचारायला लाजू नको. अंग गरम होईल, लघवी झाल्यासारखं वाटेल, हे सुई लावायच्या आधी सांग, म्हणजे पेशंट घाबरणार नाही. आणि पोर धरायची वेळ आली तर घरचा दुसरा माणूस शोध, मामा, आजी, कोणीतरी असतंच, त्यांना लेड ॲप्रन घाल, रोज रोज मशीनवर असणाऱ्यांनी आत राहायचं नसतं.

बघ, परत सुरू झाले. तूच शिकवलेलं तुलाच ऐकवतेय. माफ कर.

आणखी एका गोष्टीची माफी मागायची आहे. गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली, काकीच्या देखत, मी ते लग्नाचं आणि पुढे मूलबाळाचं काढलं, एमआरआयकडे वळ तिथे किरण तरी नाहीत म्हटलं, ते चुकलं माझं. तुला बोलायचंच होतं तर आत बोलावून बोलायला हवं होतं. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत म्हणून तू त्यांच्यावर पण रागावलीस, पण तू गेल्यावर रात्री ते मला एवढंच म्हणाले, "तिला काम सोड म्हणू नको. मास्क लाव म्हण." मास्क म्हणाले ते, बॅज त्यांच्या तोंडात बसत नाही.

आपल्याकडे भाजी आणणारा भाऊ आज रात्री रिकामी गाडी घेऊन बेळगावला परत जातोय, त्याच्याकडे पिशवी देते. उद्या सकाळी तुमच्या गेटवर येईल, फोन उचल. डॅशबोर्डवर ठेवू नको, उन्हात तापेल, असं त्याला दोनदा बजावलंय. खाली नेवऱ्यांचा डबा, त्यावर उकड्या तांदळाची पिशवी, सगळ्यात वर इस्त्री केलेला ॲप्रन. बॅज डाव्या खिशात रुमालात गुंडाळून ठेवलाय. छातीला लावलास की एक फोटो पाठव. बोलली नाहीस तरी चालेल, फोटो पाठव.

तुझी
आई